आधी पायी, मग सायकलवर

मागच्या अंकात डोंगरवाटांवरच्या सायकलिंगबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली, त्यांतली पाच इथे घेते आहे. डांबरी रस्त्यावर सायकल चालवण्यात आपलं नाशिक मागे नाही. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, त्याचा अभिमान अजून शहरभर आहे. कच्च्या वाटेवरच्या सायकलीबद्दल मात्र आपण फार कमी बोलतो. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : ताई, माझी नणंद न्यूझीलंडमध्ये रोटोरुआला असते. मे महिन्यात आम्ही चौघं तिच्याकडे जाणार आहोत. तिच्या घराजवळच्या जंगलात माउंटन बाइकसाठी खास वाटा आखल्या आहेत आणि ‘इथे कुणीही चालवू शकतं, या बिनधास्त’ असं ती म्हणते. मुलगा बारा वर्षांचा, चांगला चालवतो. मुलगी आठची, नुकतीच गिअरच्या सायकलवर आली आहे. यांनी कॉलेजनंतर सायकलला हात लावलेला नाही आणि मी सोसायटीत फेऱ्या मारते एवढंच. चौघांना खरंच जमेल का? इथून काय तयारी करून जावं?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : जमेल. तुमच्या वन्सं सांगतात ते खरं आहे. ते फाकारेवारेवाचं जंगल. कॅलिफोर्नियातल्या रेडवुडची झाडं तिथे 1901 मध्ये लावली, ती आता आभाळाला भिडली आहेत, आणि त्याच जंगलात सायकलच्या वाटांचं मोठं जाळं आहे. न्यूझीलंडमध्ये अशा वाटांना 1 ते 6 असे दर्जे देतात. 1 म्हणजे रुंद, जवळजवळ सपाट वाट. 2 मध्ये थोडे चढउतार आणि सोपी वळणं. 3 पासून वाट अरुंद होते, मुळं आणि दगड आडवे येतात. 4 च्या पुढे सरावलेल्यांचं काम, आणि 6 कडे तुम्ही चौघांनी फिरकूसुद्धा नये. इतर देशांत आकड्यांऐवजी रंग दिसतील: हिरवा सोपा, निळा मध्यम, काळा अवघड.

तेव्हा ‘कुणीही चालवू शकतं’ याचा अर्थ नीट लावा. प्रत्येकाला झेपेल अशी एक तरी वाट तिथे आहे, एवढाच तो अर्थ. पहिल्या दिवशी चौघांनी मिळून 1 किंवा 2 ची फेरी घ्या आणि तीसुद्धा मुलीच्या चालीने. मुलगा कुरकुरेल. त्याला सांगा, दुपारी बाबांबरोबर 3 दर्जाच्या वाटेवर जा. तिथल्या पुष्कळ वाटा एकेरी आणि फक्त सायकलींसाठी असतात, म्हणून मध्येच उभं राहायचं नाही. थांबायचं असेल तर सायकल उचलून वाटेच्या बाहेर यायचं. अवघड जागा पुढे दिसली की बाहेरच्या बाजूने चालत जाऊन ती आधी बघायची: कुठून उतरायचं, चाक कुठे टेकणार, पुढे काय आहे. जागतिक स्पर्धांतले खेळाडूसुद्धा शर्यतीआधी अख्खा मार्ग पायी फिरून बघतात. मला या खेळात सगळ्यांत महत्त्वाचं काय वाटतं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगते. जी जागा पायांनी पाहिली नाही, तिथे वेगाने जायचं नाही.

आता इथली तयारी. हातात चार महिने आहेत, ते पुरेसे आहेत.

मुंगसऱ्याजवळ माझ्या मामांची मुरमाड पडीक जमीन आहे. रविवारी मी मुलांना तिथे घेऊन जाते. फावडी-घमेली घेऊन मुलांनीच तिथे लहान उंचवट्यांची एक गोल वाट केली आहे. अशा वाटेला पंप ट्रॅक म्हणतात. पेडल न मारता, उंचवट्यावर अंग वर-खाली करत पूर्ण फेरी मारायची असते. तुमच्याजवळ अशी जागा नसली तरी कुठलंही मोकळं मुरमाड मैदान चालेल. पहिले पंधरा दिवस फक्त तीन गोष्टी करा.

पहिली, उभं राहणं. सीटवरून उठायचं, दोन्ही पेडल जमिनीला समांतर, गुडघे आणि कोपरं सैल, कंबर किंचित मागे. खड्डा-दगडाचा धक्का गुडघ्या-कोपरांनी खायचा असतो, पाठीने नाही. बसून उतार उतरणारा माणूस पहिल्याच मुळाला हँडलवर आपटतो.

दुसरी, ब्रेक. दोन्ही ब्रेकवर एकेकच बोट, बाकीची बोटं हँडलला घट्ट. जमिनीवर खडूने किंवा फक्कीने रेघ मारा आणि चाक न घसरता पुढचं टायर बरोबर रेघेवर थांबवा. मुलांना हा खेळ फार आवडतो. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. आणि लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, सोडत-धरत यायचं. 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत पोरांनी जुन्या जड सायकलींवरून डोंगर उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या, तेव्हा मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून धूर निघायचा. आजच्या डिस्क ब्रेकचंही तापण्याशी तेवढंच वैर आहे.

तिसरी, नजर. जो दगड चुकवायचा आहे त्याच्याकडे बघत राहिलात तर चाक त्याच्यावरच जातं. दगडाशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघायचं, आणि पुढच्या वळणाकडे.

हे बसलं की मखमलाबाद-म्हसरूळ बाजूला पाटाच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर जा. सपाट आहे, वाहनं कमी. पण पाटाला आवर्तन सुटलेलं असेल तर आठ वर्षांच्या मुलीला तिथे अजिबात नेऊ नका. पाण्याला ओढ असते आणि काठ निसरडा असतो. त्यानंतर चांभारलेण्यांच्या पायथ्याच्या मोकळ्या मुरमाड उतारांवर चढ-उताराचा सराव करा. वर जाणाऱ्या गजपंथच्या वाटेवर सायकल नको, ती यात्रेकरूंची आहे. पांडवलेण्यांच्या डोंगरावर तर विचारही करू नका. ते संरक्षित स्मारक आहे.

जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. सरावाचे बूट, हातमोजे नेणार असाल तर ते मातीचा कण राहणार नाही असे धुऊन न्या आणि देशात शिरताना भरायच्या फॉर्ममध्ये त्यांची नोंद करा. बाहेरची माती, बिया देशात येऊ नयेत याबाबत न्यूझीलंड फार कडक आहे आणि त्यांचं बरोबरच आहे. सायकली तिथेच भाड्याने घ्या, पण हेल्मेट प्रत्येकाच्या डोक्याला बसतं का हे बघूनच. 1994 पासून तिथे रस्त्यावर हेल्मेटची कायद्याने सक्ती आहे. सायकल हातात आली की जागेवरच डावा-उजवा ब्रेक कोणत्या चाकाचा ते तपासा. मुलीची सीट अशी ठेवा की थांबल्यावर तिचे दोन्ही चवडे टेकतील. आणि मे म्हणजे तिथला पानगळीचा ऋतू, दिवस लहान. दुपारी जेवून निवांत निघू असं म्हणाल तर जंगलातच अंधार पडेल.

प्रश्न : मी बारावीला आहे. परीक्षेनंतर माउंटन बाइक घ्यायची आहे. बजेट कमी आहे, पण पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली एक सायकल त्यात बसते. मला उड्या मारायला शिकायचंय. घरचे म्हणतात, साधी घे. तुम्ही काय सांगाल?
— एक विद्यार्थी, सिडको

उत्तर : घरच्यांचं ऐक. कमी किमतीत दोन्हीकडे सस्पेन्शन द्यायचं म्हणजे कंपनीला बाकी सगळीकडे काटकसर करावी लागते. मागचा शॉकअप नुसती स्प्रिंग असते, सायकल जड होते, चढावर मारलेला प्रत्येक पेडल स्प्रिंगमध्येच मुरतो आणि वर्षभरात मागचे जोड खुळखुळायला लागतात. त्याच पैशांत हार्डटेल घे, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली. दुकानात गेल्यावर स्टिकर आणि रंग बाजूला ठेव, हे बघ: फ्रेम अॅल्युमिनियमची आहे का, डिस्क ब्रेक आहेत का, पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, दाबल्यावर सुरळीत वर येतो की अडकतो, आणि तुझ्या उंचीचा साइज आहे का. साइजच्या बाबतीत ‘वाढत्या अंगाला मोठी घे’ हे शाळेच्या युनिफॉर्मला ठीक आहे, सायकलला नाही. मोठी सायकल उतारावर आवरत नाही. बजेटमधून हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड आधी बाजूला काढ, उरलेल्या पैशांत सायकल.

टायरमध्ये हवा ठासून भरू नकोस. रस्त्यावरची मंडळी 60-70 पीएसआय भरतात, ते बघून आपणही भरतो आणि मग मुरमावर चाक गोट्यांवरून गेल्यासारखं निसटतं. सव्वादोन इंची टायर, आत ट्यूब आणि तुझ्यासारखं हलकं अंग असेल तर 30 पीएसआयच्या आसपास भर आणि तिथून थोडं कमी-जास्त करून बघ. फार कमी केलंस तर दगडावर ट्यूब रिममध्ये चेंगरून फुटेल.

आता उड्यांबद्दल. तुझी हौस मला आवडली, ती मोडायची नाही. पण क्रम ठेव. आधी जमिनीवर आखलेल्या रेघेवरून पुढचं चाक उचलायला शीक, मग मागचं, मग दोन्ही. त्यानंतर जिथे उंचवट्याचा माथा सपाट भरलेला आहे अशा जागी उडी घे. उडी कमी पडली तरी चाक माथ्यावर टेकतं, खड्ड्यात जात नाही. मधे खंदक असलेली उडी त्यानंतर, आणि ती शिकवणारं माणूस शेजारी उभं असतानाच. मित्रांनी मोबाइल धरलेला असताना पहिल्यांदा काही करून बघायचं नाही. यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

आणखी एक. या खेळात उडी म्हणजेच सगळं नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकपासून माउंटन बाइकिंग ऑलिंपिकमध्ये आहे, ते क्रॉस कंट्री या प्रकारात: चढण, उतार, दगड, मुळं असलेल्या फेऱ्या, दमाचं काम. 2023 मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा आपल्याच देशात, केरळच्या पोन्मुडीला झाली. दम असलेल्या मुलाला पुढे जायला वाट आहे.

प्रश्न : वय 61. निवृत्तीनंतर गंगापूर रोडवर रोज सायकल चालवतो. कच्च्या वाटेवर जाण्याची इच्छा आहे. सौभाग्यवती नको म्हणतात. या वयात सुरू करावं का?
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : करा ना काका. आधी रक्तदाब, हृदय आणि हाडांची तपासणी करून घ्या, काकूंना तो रिपोर्ट दाखवा आणि मग त्यांनाही एखाद्या रविवारी बरोबर आणा. उतार हळू उतरा, जिथे शंका वाटेल तिथे उतरून सायकल हातात धरून चला. त्यात कमीपणा काहीच नाही. चढाला लवकर हलक्या गिअरवर या, पाय भरून आल्यावर नाही. गुडघ्यांना त्याचाच आराम मिळतो. एकट्याने जाऊ नका, आणि कुठे निघालात हे घरी सांगून निघा. 108 ला फोन करायची वेळ आलीच तर जवळचं गाव कोणतं हे सांगता आलं पाहिजे.

प्रश्न : मी गिरणाऱ्याचा शेतकरी. रविवार आला की शहरातली पोरं सायकली घेऊन आमच्या शिवारात घुसतात. बांधावरून चालवतात. मागच्या पावसाळ्यात माझा नवा बांध त्यांनी खचवला, परवा ठिबकची नळी तोडली. सांगायला गेलो तर ‘रस्ता सगळ्यांचा आहे’ म्हणाले. शेळ्या बुजतात. तुम्ही या खेळाचं कौतुक लिहिता, तर हेही लिहा.
— एक शेतकरी वाचक

उत्तर : दादा, लिहिते, आणि तुमचं पत्र सायकलवाल्या प्रत्येकाने वाचावं म्हणून इथे दिलं आहे.

बांध हा रस्ता नाही. गाडीवाट, पाणंद, शिवाररस्ता यांवरून सायकल न्यावी. वावरात, बागेत, बांधावर मालकाला विचारल्याशिवाय चाक घालू नये. पावसाळ्यात तर बांध मऊ असतो, त्यावरून एक सायकल गेली की चाकोरी पडते, पुढच्या पावसाचं पाणी त्या चाकोरीतून वाहतं आणि बांध तिथेच फुटतो. सायकलवाला तोवर घरी जाऊन अंघोळ करून झोपलेला असतो, माती मात्र दादांची वाहून जाते. ठिबकची नळी सहज दिसत नाही, ती पालापाचोळ्याखाली असते. ऑक्टोबरात छाटणी झाल्यापासून द्राक्षबागेत सतत फवारण्या चालू असतात. त्या वेळी बागेच्या कडेने जाणं सायकलवाल्याच्याही छातीला घातक. जानेवारी ते एप्रिल द्राक्षकाढणी, मजूर, क्रेट, ट्रॅक्टर यांची धांदल. अशा दिवसांत त्या वाटेला जाऊच नये.

जनावरं समोर आली तर सायकलवरून उतरायचं, कडेला उभं राहायचं, घंटी वाजवायची नाही. पायी माणूस आधी, जनावर आधी, चढणारा सायकलवाला आधी, आणि उतरणारा सगळ्यांत शेवटी. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करूनच पुढे जा. आणि ‘रस्ता सगळ्यांचा आहे’ असं कष्टकऱ्याच्या तोंडावर म्हणणाऱ्याला मी माझ्या गटात घेणार नाही.

दादा, एक विनंती तुम्हालाही करते. गावात कुणाची पडीक, मुरमाड जमीन असेल आणि मालक तयार असेल, तर तिथे एक वाट नीट आखता येईल. तिचं शास्त्र तुम्हा शेतकऱ्यांना आमच्याहून जास्त कळतं. वाट डोंगरावरून सरळ खाली सोडली की दोन पावसाळ्यांत तिचा ओहोळ होतो. ती समपातळीच्या जवळपास, डोंगराला वळसे घालत न्यायची. डोंगराचा उतार जितका असेल त्याच्या निम्म्याहून जास्त उतार वाटेला द्यायचा नाही, आणि सरासरी दहा टक्क्यांच्या वर जायचं नाही. वाट बाहेरच्या बाजूला किंचित कलती ठेवायची आणि मधून मधून छोटा चढ द्यायचा, म्हणजे पाणी वाटेवर न धावता बाजूला उतरतं. पाणी अडवायला उतारावर सलग समतल चर खोदलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मामांच्या जमिनीवर आम्ही असंच केलं आहे, आणि पावसाळ्यात त्या वाटेवरून सायकल जात नाही. पोरांना चालवायला हक्काची जागा मिळाली तर ती तुमच्या बांधावर येणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

चरांवरून आठवलं, हे सायकलवाल्यांसाठी. आपल्याकडच्या टेकड्यांवर वनखात्याचे चर जागोजागी आहेत. पावसाळ्यानंतर गवत कमरेइतकं वाढतं आणि हात-दीड हात खोल चर दिसेनासा होतो. पुढचं चाक त्यात गेलं तर माणूस हँडलवरून पलीकडे जातो. गवतातून पायीच आधी जा, काठी आपटत, कारण खडकाळ उतारावर फुरसंही असतं. अंधार पडायच्या आत परता. गिरणारे-दुगाव पट्ट्यात बिबट्या आहे हे शेतकऱ्यांना माहीत आहे, शहरातल्या पोरांना नाही. आणि बोरगडावर नव्या वाटा शोधायला जाऊ नका. 2008 मध्ये जाहीर झालेलं ते महाराष्ट्रातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र आहे, वर हवाई दलाचं केंद्र आहे. अंजनेरीही संवर्धन राखीव आहे. तिथल्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका नावाचं दुर्मीळ फुलझाड उगवतं, कड्यांवर गिधाडं घरटी करतात. अंजनेरी पायी बघा, डोळे भरून बघा, सायकल पायथ्याशी ठेवा. राखीव वनात परवानगीशिवाय झाडझुडूप तोडून वाट पाडणं हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे.

प्रश्न : कच्च्या रस्त्यावर गेलं की हमखास पंक्चर होतं. बदललेली नवी ट्यूबही लगेच बसते. आणि पाऊस पडून गेल्यावर किती दिवसांनी जावं?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : नवी ट्यूब लगेच बसते कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो. आपल्याकडे बाभळीचा काटा आणि सराटा हे दोन मुख्य शत्रू. बाभळीचा काटा टायरबाहेर मोडतो आणि टोक आत राहतं. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून बोट अगदी हळू फिरवा, काटा बोटाला लागेल, तो चिमट्याने किंवा पान्याच्या टोकाने बाहेर ढकला आणि मगच नवी ट्यूब घाला. बरोबर दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप आणि एलन की ठेवा. ट्यूबमध्ये सीलंट घातलं तर बारीक काट्यांची भोकं आपोआप बुजतात. पडीक रानातून सायकल हातात धरून चालताना सराटे दिसले तर ती उचलून न्या.

पावसाचं म्हणाल तर दिवस मोजू नका, जमीन बघा. मुरूम एक-दोन उन्हांत निचरतो. काळ्या मातीला आठवडा पुरत नाही. ती चाकाला, फोर्कला, ब्रेकला चिकटून सायकल जागेवर रोवून टाकते. सोपी परीक्षा आहे. वाटेच्या तोंडाशी सायकल उभी करा, बुटाची टाच जोरात दाबा. ठसा खोल उमटला आणि कडेने पाणी सुटलं तर माघारी फिरा आणि त्या दिवशी डांबरी रस्त्याने जा. शेवाळलेल्या कातळावर मात्र कोरडं ऊन पडेपर्यंत चाक घालायचं नाही, टाचेची परीक्षा तिथे लागू नाही.